आउट ऑफ प्रिंट म्हणजे फुकट नव्हे

मित्रा, बाजारात न मिळणाऱ्या जुन्या रहस्यकथा नेटवरून फुकट उतरवायच्या म्हणतोस, तर आधी एक गैरसमज डोक्यातून काढ, पुस्तक बाजारातून गायब झालं म्हणजे कॉपीराइट संपला असं अजिबात नसतं. छपाई थांबते, हक्क मात्र लेखकाकडे नाहीतर वारसांकडे तसेच राहतात, भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षं, युरोपात ७०.

अमेरिकन पल्पचं (म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या जुन्या कथा-मासिकांचं) गणित वेगळंय आणि खरी मजा तिथेच आहे. १९६४ च्या आधी तिथे छापलेल्या गोष्टींचा कॉपीराइट २८ व्या वर्षी रिन्यू करावा लागायचा आणि स्वस्त मासिकं काढणाऱ्या कितीतरी लोकांनी ते केलंच नाही (मासिकच बुडालं तर करणार कोण), त्यामुळे १९५० ची एखादी भन्नाट डिटेक्टिव्ह कथा मोकळी असू शकते आणि १९३५ ची अजून अडकलेली. पण अंक रिन्यू नाही म्हणून लगेच उड्या मारू नकोस, लेखकानं कथेचं रिन्युअल वेगळं केलेलं असतं कधीकधी, दोन्ही तपासायचं. शिवाय तिथे मोकळं म्हणजे सगळ्या देशांत मोकळं असंही नाही.

शोधायला सुरुवात प्रोजेक्ट गुटेनबर्गपासून कर, ही कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांची मोफत वेबसाइट आहे, ते लोक तपासून टाकतात. कोणीतरी ग्रुपवर टाकलेल्या हजार पीडीएफच्या झिपच्या नादी लागू नकोस, मी लागलो होतो, अर्ध्या फायलींना शेवटची पानंच नव्हती, रहस्यकथेला शेवट नाही म्हणजे बघ! आणि डाउनलोड करताना कव्हर आणि सन-प्रकाशकाचं पान असलेलीच प्रत ठेव, नंतर हक्क शोधायला तेच लागतं.