खुर्ची मागे झुकली की तो उठून पळतो: दंतवैद्याकडे नेण्याआधीची तयारी

प्रश्न घेऊन आलेली आई म्हणाली, “मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. दुधाच्या दाढेत काळा खड्डा दिसतोय. दोनदा दंतवैद्याकडे नेलं, दोन्ही वेळा खुर्चीतून उठून पळाला. तिसऱ्यांदा चौघांनी धरून ठेवलं. तेव्हापासून घरी ब्रशसुद्धा लावू देत नाही. आता सरळ भूल देऊनच करून घ्यावं का?” थोड्याफार फरकाने हाच प्रश्न अनेक पालक विचारतात.

घरातले सगळे धरून चालले होते की मुलाला ड्रिलची भीती वाटते. पण तिन्ही खेपांना काय काय घडलं ते क्रमाने लिहून काढल्यावर दिसलं, की ड्रिल एकदाही सुरू झालं नव्हतं. पहिल्या वेळी तो आपणहून खुर्चीत बसला होता. पाठ मागे झुकायला लागली आणि तो उठला. दुसऱ्या वेळी खुर्ची आधीच झुकवलेली होती. तो आडवा झाला, वरच्या दिव्याकडे बघतही राहिला, पण हातमोजा घातलेलं बोट ओठाला लागताच त्याला उमासा आला. म्हणजे तो दोन ठिकाणी अडत होता: मागे झुकणं आणि रबराचा वास-चव. ड्रिलची समजूत घालण्यात आणखी महिने घालवले असते तरी काही हाती लागलं नसतं.

म्हणून तयारी सुरू होते ती नेमकं कुठे अडतं हे शोधण्यापासून. त्याच्या खुणा घरातच सापडतात. डोकं मागे करून केस धुताना तो किंचाळतो का? तसं असेल तर कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाला ती हालचाल सोसत नसावी. पाय अधांतरी आणि डोकं खाली गेलं की त्याला आपण पडतोय असंच वाटत असेल. मिक्सर लावला की कान झाकतो का? पुदिन्याच्या चवीची पेस्ट थुंकतो का? हलका स्पर्श झटकतो, पण घट्ट मिठी चालते का? दवाखान्यात काय बदलून मागायचं, ते या उत्तरांवरून ठरतं.

त्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. बोलून न सांगणाऱ्या मुलाची दाढदुखी वागण्यातून दिसते: गालावर मारून घेणं, एकाच बाजूने चावणं, थंड पाणी नाकारणं, झोपेतून उठणं, सतत हात तोंडात घालणं. गाल किंवा हिरडी सुजली असेल, ताप असेल, तर सरावाचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

या मुलाला तशी घाई नव्हती. झुकण्याचा सराव पलंगावर सुरू झाला. पाठीशी उशांची उतरंड रचायची, पायाखाली आधार द्यायचा, पोटावर जड घडी घातलेलं पांघरूण ठेवायचं. बऱ्याच मुलांना तो दाब शांत करतो. मग दर काही दिवसांनी एक उशी कमी करायची. रोज तीन ते पाच मिनिटं, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. एक पायरी सलग काही दिवस निवांत जमली की पुढची घ्यायची. बिनसलं तर एक पायरी मागे यायचं आणि जमणाऱ्या गोष्टीवर त्या दिवशीचा सराव थांबवायचा. तो पार बिथरल्यावर सोडलं, तर बिथरलं की सुटका होते एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

हातमोज्यांचं काम जास्त नाजूक होतं. लेटेक्सच्या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या मोज्यांना वास जास्त येतो, नायट्राइल या कृत्रिम रबराचे बऱ्याच मुलांना चालतात. आईने दवाखान्यातून तिथे वापरतात तसे नायट्राइलचे चार-पाच मोजे मागून आणले. आधी ते टेबलावर नुसते पडून राहिले. मग मोजा घातलेल्या हाताने तिने त्याला खेळणी दिली. पुढे तळहात, कोपर, खांदा, गाल, ओठ, समोरचा दात आणि शेवटी दाढ. मोजा घालून हात पाण्याने धुतला की वास उतरतो. स्पर्श हलका नको, सबंध तळव्याने ठाम हवा. हलक्या बोटाने गुदगुल्या होतात आणि तेच नेमकं सहन होत नाही.

प्रत्येक स्पर्शाला मोजणी जोडायची. आधी तीनपर्यंत, मग पाच, मग दहा, वेग एकसारखा. दहा म्हटलं की हात बाहेर आलाच पाहिजे, काम अर्धं राहिलं तरी. या सगळ्या तयारीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे आणि दवाखान्यात सर्वांत जास्त मोडते तीही हीच. डॉक्टर सहज म्हणून जातात, “थांब, थोडंच राहिलंय,” आणि आठवड्यांची मेहनत त्या एका वाक्यात जाते. म्हणून त्यांच्याशी हे आधीच, मुलासमोर नव्हे, फोनवर बोलून ठेवा.

त्याच फोनवर आणखी काही मागून घ्या. दिवसातली पहिली वेळ. आतली तयारी झाली की बोलावणं, तोवर बाहेर थांबणं. खुर्ची आधीच झुकवलेली. बोलणारा एकच माणूस. डोळ्यांवर गडद चष्मा. बिनचवीची पेस्ट. दातांची सफाई स्केलिंग मशीनऐवजी हाताच्या उपकरणाने. हवेच्या फवाऱ्याऐवजी कापूस. कान झाकणारे हेडफोन उपयोगी आहेत, पण दातावरच्या उपकरणाची थरथर हाडातून कानापर्यंत जातेच, तिथे हेडफोनचा इलाज चालत नाही. तिची सवय घरी बॅटरीच्या ब्रशने लावता येते: आधी हातावर, मग गालावर, मग दातावर.

लहान मुलांच्या दंतवैद्यकात ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत १९५९ पासून रूढ आहे. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी त्यातलं ‘सांगा’ छोटं आणि ‘दाखवा’ मोठं करावं लागतं. त्याच दवाखान्याचे सहा ते आठ फोटो क्रमाने लावा: दार, खुर्ची, दिवा, आरसा, आणि शेवटचा फोटो घरी परतण्याचा. कार्टूनची चित्रं नकोत, खरी खुर्ची दिसू दे. वाक्यं खरी हवीत. “काही दुखणार नाही”, “नुसतं बघणार आहेत” असली वचनं देऊ नका. “मुंगी चावल्यासारखं होईल” किंवा “दातातला किडा काढू” असंही नको, काही मुलं ते शब्दशः घेतात आणि तोंडात किडा आहे म्हणून रात्रभर जागतात. “डॉक्टर दहा आकडे मोजून होईपर्यंत आरशाने दात बघतील. मग आपण घरी जाऊ.” एवढं पुरतं.

पहिल्या भेटीत तो खुर्चीवर आडवा झाला, मोजणी झाली आणि ते घरी गेले. तोंड उघडायला कुणी सांगितलंच नाही. आरसा पुढच्या भेटीत आला. दाढ दुखत नव्हती, कीड दातातल्या नसेला भिडली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध लावलं. ते थेंबभर असतं, बारीक ब्रशने लावतात, ड्रिल लागत नाही आणि कीड बहुतेकदा थांबते. पण किडलेला भाग कायमचा काळा होतो, चव धातूसारखी लागते, त्वचेला लागलं तर डाग काही दिवस राहतो आणि साधारण सहा महिन्यांनी ते पुन्हा लावावं लागतं. चवीचं त्याला आधी सांगून ठेवलं होतं. एअरोटरचा, म्हणजे दात कोरणाऱ्या ड्रिलचा आवाज मात्र त्याला अजून सोसत नाही, त्यावर काम चालू आहे.

आता भुलीबद्दल. अनेक दात किडले असतील, ठणका असेल, पू असेल, तर पूर्ण भूल हा योग्य मार्ग आहे. त्यात पालकांनी अपराधी वाटून घेण्यासारखं काहीच नाही. घन पदार्थ साधारण सहा तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद असतं, पण भूलतज्ज्ञ सांगतील तेच अंतिम. एक्स-रे, सफाई, दाढांच्या खाचा बुजवणं, सगळं त्याच वेळी उरकून घेता येईल का ते विचारा. सराव मात्र त्यानंतरही लागतो, नाहीतर पुढच्या कीडीला पुन्हा भूलच द्यावी लागते. नुसत्या तपासणीसाठी धरून ठेवणं आम्हाला मुळीच मान्य नाही. त्याची किंमत घरच्या ब्रशिंगने मोजावी लागते, या मुलाच्या बाबतीत तेच झालं.

फक्त जागा बधिर करणारं इंजेक्शन दिलं असेल, तर ओठ दोन-तीन तास जड राहतो. मुलं तो चावून रक्त काढतात आणि त्यांना कळतही नाही. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका, नजर ठेवा.

ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांनाही हीच पद्धत लागू पडते, फक्त प्रश्न त्यांनाच विचारायचे, सोबत आलेल्याला नव्हे. काय होणार ते क्रमाने लिहून आधी पाठवायचं आणि हात वर केला की काम थांबेल हे ठरवून ठेवायचं.

दात चांगले असले तरी दर तीन महिन्यांनी पाच मिनिटं त्याच खुर्चीवर, शक्यतो त्याच डॉक्टरांकडे जाऊन या. काय चाललं आणि काय चाललं नाही, ते कागदावर लिहून दवाखान्याच्या फाइलला लावून ठेवा. माणसं बदलली तरी नव्या डॉक्टरांना तो कागद आधी वाचायला सांगता येतो.