लाखभर किलोमीटर चाललेली जुनी कूपे घ्यावी का? अंबाजोगाईच्या मित्राला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट १६ लाख, दोन दारांची स्पोर्ट्स कूपेच हवी आणि समोर दोन ऑडी टीटी आहेत. पहिली मुंबईची, २०१२ ची, १ लाख ४ हजार किलोमीटर चाललेली, मागणी १४ लाख. दुसरी हैदराबादची, २००९ ची, फक्त ३८ हजार चाललेली, मागणी ११ लाख. घरच्यांचं आणि मित्रांचं मत हैदराबादच्या गाडीकडे, कारण कमी चाललेली आणि तीन लाखांनी स्वस्त. माझं मत मुंबईच्या गाडीकडे आहे.

आधी पैशाचं बोलू. नवी असताना या गाडीची किंमत ४० लाखांच्या पुढे होती. आज ती तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळते, पण तिचे पार्ट त्या हिशेबात मिळत नाहीत. गाडीचा भाव दरवर्षी उतरतो, गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिक युनिटचा (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) उतरत नाही. म्हणून १६ लाख जवळ असले तर घासाघीस करून गाडी साडेबारा-तेराच्या आतच बसवा आणि उरलेले तीन लाख पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा. सगळे पैसे गाडीतच घालून मग सस्पेन्शनच्या रबरी बुश आणि ब्रेकसाठी उसनवारी करणारे मी बरेच पाहिलेत. दीड-दोन वर्षांत ती गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली दिसते.

आता किलोमीटरचं. ३८ हजार म्हणजे वर्षाला अडीच हजारसुद्धा नाही. महिन्याला दोनशे किलोमीटर. अशी गाडी चालली कमी, उभी जास्त राहिली. उभ्या गाडीत ऑइल सील वाळतात, एसीच्या कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडतं, बॅटरी उतरून उतरून इलेक्ट्रॉनिक्सला भलतेच एरर येतात, टायर एकाच जागी दबतात. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर ती डोकेदुखी वेगळीच. त्यात हैदराबादचा काय आणि आपला काय, उन्हाळा ४२-४३ अंशांचा. बॉनेट उघडून कुलंटचा पाईप दोन बोटांत दाबून बघा. चांगला पाईप लवचिक दबतो आणि सोडल्यावर परत फुगतो. उन्हात पिकलेला पाईप दाबताना कडक लागतो, टोकाशी क्लिपजवळ बारीक भेगा दिसतात आणि तिथंच वाळलेल्या कुलंटचा गुलाबीसर थर जमलेला असतो. असा एक पाईप दिसला की बाकीचं रबरही त्याच वयाचं आहे हे गृहीत धरा.

आणि ते ३८ हजार खरे आहेत का? मीटर मागे करणं अवघड राहिलेलं नाही. पण जुन्या सर्व्हिस बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचं चामडं आणि ब्रेक पेडलचं रबर बघा. ३८ हजारांत ही तिन्ही झिजत नाहीत. चांगल्या स्कॅनरवर वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये एरर कोणत्या किलोमीटरला आला याची नोंदही सापडते, ती मीटरपेक्षा जास्त निघाली तर तिथूनच परत फिरा.

इंजिनाचा मुद्दा यात सगळ्यात महत्त्वाचा, कारण दिसायला दोन्ही गाड्या एकच असल्या तरी बॉनेटखाली त्या वेगळ्या आहेत. २००९ च्या २.० टीएफएसआयमध्ये (ऑडीचं टर्बो पेट्रोल इंजिन) सहसा २०० पीएसचं (हॉर्सपॉवरसारखंच माप) जुनं इंजिन येतं, त्याला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ ठेवणारा पट्टा. २०१० च्या फेसलिफ्टनंतर २११ पीएसचं नवं इंजिन आलं, त्याला पट्ट्याऐवजी चेन आहे. बेल्ट किलोमीटरवर जसा जातो तसा वयावरही जातो. हैदराबादच्या गाडीचा बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो १५ वर्षांहून जुना आहे असंच समजायचं. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. याच इंजिनात हाय प्रेशर फ्युएल पंपाखाली कॅम फॉलोअर नावाची छोटी वाटीसारखी टोपी असते. तिच्या तोंडावर काळा कठीण थर असतो. तो घासून चांदीसारखी धातू दिसायला लागली की ती बदलायची. पार्ट स्वस्त आहे, पण वेळेत बदलला नाही तर तिला भोक पडतं आणि मग पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही जातात. पंप काढून हे तपासायला फार वेळ लागत नाही. विकणारा तेवढंही करू देत नसेल तर व्यवहार तिथंच थांबवा.

मुंबईच्या गाडीचं इंजिन नवं असलं तरी त्याचीही दुखणी आहेत. पहिलं म्हणजे चेनचा टेन्शनर, चेन ताणून धरणारा भाग. म्हणून गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड पाहिजे, सकाळपासून चालू केलेलं नको. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर चहा घ्या, थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी परत जा. स्टार्ट मारल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेनच्या बाजूने खडखड आली तर टेन्शनर आणि चेनचा खर्च किमतीतून वजा करा. दुसरं, ही इंजिनं ऑइल पितात. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत कंपनी चालवून घेते, त्याच्या वर जात असेल तर पिस्टन रिंगची भानगड असते आणि ते काम मोठं आहे. मालकाला सरळ विचारा, दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल किती टाकता? खरा वापरणारा लगेच सांगतो. "टाकावंच लागत नाही" म्हणणाऱ्याने डिपस्टिक कधी काढलेलीच नसते. दोन्ही इंजिनं डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यामुळे लाखाच्या आसपास इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन जमतो. ती साफसफाई नेहमीची आहे, तिला घाबरू नका.

गिअरबॉक्स सहा गिअरचा एस ट्रॉनिक (ऑडीचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक), ओल्या म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा. त्याच घराण्यातल्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजीपेक्षा दणकट, पण दर ६० हजारांना ऑइल आणि फिल्टर बदललाच पाहिजे. १ लाख ४ हजारांच्या गाडीला हे काम एकदा झालेलं असायलाच हवं. ते बिल मागा. क्वाट्रो (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर मागच्या हॅल्डेक्सच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचच्या ऑइलचंही. चढावर दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात येताना धक्का बसतो का, रिव्हर्स टाकल्यावर गाडी उशिरा उचलते का, हे ट्रॅफिकमध्ये चालवून बघा. एक्स्प्रेसवेवर सगळेच गिअरबॉक्स गुळगुळीत वाटतात.

मी मुंबईच्या गाडीकडे झुकतो ते बिलांच्या फाईलमुळे. तुम्ही लिहिलंय की त्या मालकाकडे बिलांची पूर्ण फाईल आहे आणि हैदराबादवाला म्हणतो "सर्व्हिस बाहेर केली, बिलं नाहीत". माझ्यासाठी निर्णय तिथंच झाला.

कागदांचं थोडं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २००९ च्या गाडीची ती मुदत २०२४ मध्येच संपली. नूतनीकरण झालंय का, फिटनेस आहे का, हे आधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर बघा, तिथंच कर्जाचा बोजा आणि ई-चलनंही दिसतात. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून साध्या कारला ५ हजार आणि आयात केलेल्या चारचाकीला ४० हजार झाली आहे, आणि टीटी भारतात बनत नव्हती, आयात होऊनच येत होती. वर आपल्याकडे १५ वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर. हैदराबादहून फॉर्म २८ ची एनओसी आणून अंबाजोगाईला एमएच ४४ नंबर करायचं म्हटलं की महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरा, आयात गाडीचा दर जास्तच. तीन लाखांची बचत म्हणता त्यातली निम्मी इथेच जाईल. मुंबईची गाडी फॉर्म २९ आणि ३० वर नावावर होते. इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करून घ्या, अपघातानंतर ते राहिलेलं कळलं तर क्लेम अडकतो.

आता आपले रस्ते. तुमचं रोजचं येणं-जाणं लातूरला, म्हणजे महामार्ग बरा, पण गावागावात गतिरोधक आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि वरून सपाट दिसणाऱ्या रस्त्यात लाटा तयार होतात. कमी उंचीच्या गाडीचं चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) अशाच ठिकाणी घासतं. म्हणून कोणतीही गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर जागेवर आहे का, चेंबरवर वेल्डिंगची खूण आहे का, लोअर आर्मची बुश फाटलीय का, हे खालून पाच मिनिटांत दिसतं. मॅग्नेटिक राइडवाली (शॉकअपची कडकपणा बदलणारी) गाडी असेल तर शॉकअपवर ऑइलचा ओलावा बघा. ते शॉकअप महाग पडतात. टायर १९ इंची असले तर १७ इंची रिम आणि जाड साईडवॉलचे टायर करून घ्या, रोजच्या वापरात फरक लगेच जाणवेल.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं टाका. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतं आणि या दोन्ही गाड्या ई२० साठी बनलेल्या नाहीत. म्हणून टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका, इथेनॉल ओलावा धरतं.

वडील मागे बसणार असतील तर मात्र थांबा. टीटीच्या मागच्या सीटवर मोठा माणूस मावत नाही. मग २०११ नंतरची स्कोडाची लॉरा व्हीआरएस बघा, १.८ टीएसआय आणि सहा गिअरची मॅन्युअल. कूपे नाही, पण ती संभाजीनगरजवळच्या आपल्या शेंद्र्यातच जुळवलेली, आणि संभाजीनगरात तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक बरेच आहेत. टीटीचं मोठं काम निघालं तरी तुम्हाला संभाजीनगर किंवा पुणंच गाठावं लागेल, हे धरून चाला.

मुंबईची गाडी ठरली तर टोकन देण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, चारही मुंबईतच बदला आणि मगच पुण्यावरून गाडी घेऊन निघा.