चुन्याने भाजलेला डोळा, मूलपेशी आणि शस्त्रक्रियांचा क्रम

ताई,

आठ महिन्यांपूर्वी तुमच्या सहा वर्षांच्या भाच्याने चुन्याची ट्यूब दाबली आणि चुना उजव्या डोळ्यात उडाला. आता बुबुळावर पांढरट पडदा व रक्तवाहिन्या आल्या आहेत, आणि डॉक्टर म्हणतात की आधी स्टेम सेलची शस्त्रक्रिया करू, बुबुळ बदलण्याचे नंतर पाहू. स्टेम सेलच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीबद्दल वाचून तुम्ही धास्तावला आहात आणि नेत्रपेढीतून बुबुळ आणून थेट का बसवत नाहीत, असे विचारता आहात. मी तेवीस वर्षे कॉर्नियाच्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत चुन्याने भाजलेली लहान मुले फार पाहिली. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम योग्य आहे. तो योग्य का, हे समजले की तुमची भीती बरीच कमी होईल.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, आणि ‘बुबुळ बदलणे’ म्हणजे खरे तर ही काच बदलणे. तिच्या पृष्ठभागावर पेशींचा एक पातळ थर असतो आणि तो सतत झिजत असतो. साधारण आठवड्या-दीड आठवड्यात तो नव्याने तयार होतो. या नव्या पेशी काचेच्या मध्यभागी जन्मत नाहीत. बुबुळ जिथे संपते आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे सुरू होतो, त्या वर्तुळाकार सीमेला लिंबस म्हणतात. तिथे मूलपेशींचे, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या स्टेम सेलचे, वास्तव्य असते आणि तिथूनच नव्या पेशी मध्याकडे सरकत येतात. शिवाय ही सीमा बांधासारखे काम करते, म्हणजे पांढऱ्या भागावरची रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा तिच्यामुळे काचेवर चढत नाही. चुना अल्कधर्मी असतो, तो पेशींतील स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करतो, आणि त्याचे कण पापणीच्या आतल्या घडीत अडकून राहिले तर तासन्‌तास भाजत राहतात. त्यात लिंबस जळाली की बांध फुटतो. भाच्याच्या डोळ्यावर दिसणारा पडदा म्हणजे तेच अतिक्रमण होय.

आता नेत्रदानातून मिळालेल्या बुबुळाविषयी. दात्याच्या काचेवरचा वरचा थर टिकत नाही, त्याची जागा रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनी घ्यावी लागते, आणि त्या येणार लिंबसमधून. लिंबसच नसेल तर नव्या काचेवरही जखम भरत नाही, रक्तवाहिन्या पुन्हा चढतात आणि काही महिन्यांत ती काच गढूळ होते. मी शिकत होतो त्या काळात अशा डोळ्यांत थेट बुबुळ बसवलेले पाहिले आहे. पट्टी काढल्यावर स्वच्छ दिसणारी काच पुढच्या तपासण्यांत हळूहळू हरवत जाताना पाहणे आणि ते आईवडिलांना सांगणे फार कठीण होते.

यावरचा मार्ग टप्प्याटप्प्याने सापडला. 1989 मध्ये केन्यन आणि त्सेंग या नेत्रतज्ज्ञांनी निरोगी डोळ्यातील लिंबसचे मोठे तुकडे काढून भाजलेल्या डोळ्यात लावल्याचे प्रसिद्ध केले. उपयोग झाला, पण चांगल्या डोळ्यातून बरीच ऊती घ्यावी लागत असे. 1997 मध्ये इटलीतील पेलेग्रिनी आणि डे लुका यांनी अगदी लहान तुकड्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा थर डोळ्यावर बसवला. त्याच कामातून पुढे आलेल्या ‘होलोक्लार’ या उत्पादनाला 2015 मध्ये युरोपीय संघाने मान्यता दिली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतही 2001 पासून अशा पेशी वाढवून शस्त्रक्रिया होत होत्या, आणि 2011 मध्ये त्यांनी 200 रुग्णांचे निष्कर्ष मांडले, त्यांत 71 टक्के डोळ्यांचा पृष्ठभाग स्थिर राहिला होता. अडचण खर्चाची होती. निर्जंतुक प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे आणि दोन वेगळ्या शस्त्रक्रिया हे सारे आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांच्या आवाक्याबाहेरचे होते.

याच संस्थेतील डॉ. वीरेंदर संगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सहा रुग्णांवरील अनुभव मांडून प्रयोगशाळाच वगळली. निरोगी डोळ्यातून सुमारे दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे, आजारी डोळ्यावरचा पडदा सोलून तिथे बाळाच्या वारेसोबत येणारे पातळ वेष्टन पसरायचे, त्यावर हे कण फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या, गोंदाने चिकटवायचे आणि वर पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायची. पेशी डोळ्यातच वाढतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांचा थर जुळून येतो. या पद्धतीला ‘स्लेट’ म्हणतात आणि तुमच्या भाच्यासाठी बहुधा हीच सुचवली असावी, तरी डॉक्टरांना नाव विचारून घ्या. 2016 मध्ये 125 रुग्णांचे, म्हणजे 65 प्रौढ आणि 60 मुलांचे निष्कर्ष आले. 76 टक्के डोळ्यांत पृष्ठभाग टिकला. माझ्या मते या क्षेत्रात भारताने जगाला दिलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण ऑपरेशन थिएटर असलेले कोणतेही सुसज्ज नेत्ररुग्णालय ती करू शकते.

त्याच अभ्यासात अपयशाची कारणेही दिली आहेत, आणि त्यांपैकी एक तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. स्लेट आणि बुबुळ-प्रत्यारोपण एकाच वेळी केलेल्या डोळ्यांत अपयशाचा धोका अधिक होता. पापणी डोळ्याला घट्ट चिकटलेली असणे हे दुसरे कारण. म्हणून आधी दाह पूर्ण शमवणे, डोळ्यातील दाब तपासणे, चिकटलेली पापणी सोडवणे, नंतर स्लेट, आणि काचेचे खोलवरचे थर गढूळ राहिले असतील तरच पुढे बुबुळ. काही मुलांना त्या शेवटच्या पायरीची गरजच पडत नाही.

फसवणुकीची तुमची शंका रास्त आहे. तपासण्यासाठी मी नेहमी तीन गोष्टी विचारायला सांगतो: कोणत्या पेशी गमावल्या, त्या कुठून आणणार, आणि त्या कामाला लागल्या हे कसे दिसणार. इथे तिन्हींची उत्तरे स्पष्ट आहेत, आणि शेवटचे तर स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणीच्या यंत्रावर, तुम्हीही पाहू शकता. गुडघेदुखी, मधुमेह आणि स्वमग्नता या सर्वांवर एकच इंजेक्शन देऊ म्हणणाऱ्यांकडे ही उत्तरे नसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे अप्रमाणित प्रयोग मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणे अनैतिक आहे.

बहिणीला सर्वाधिक काळजी डाव्या, चांगल्या डोळ्याची असणार. तिथून घेतलेला तुकडा फार लहान असतो आणि जागा लवकर भरून येते. स्वतःच्याच पेशी असल्यामुळे शरीर त्या नाकारत नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही लागत नाहीत. दोन्ही डोळे भाजलेल्या रुग्णांचे असे नसते. त्यांना नातेवाईकाच्या पेशी आणि ती औषधे लागतात. जपानच्या ओसाका येथील निशिदा यांच्या गटाने अशा रुग्णांसाठी आयपीएस पेशींपासून, म्हणजे साध्या पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा मूलपेशींसारखे बनवून, कॉर्नियाचा थर तयार केला असून चार रुग्णांवरचे निष्कर्ष 2024 मध्ये आले आहेत, पण तुमच्या भाच्याला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

त्याच्या बाबतीत वयाकडे मात्र लक्ष द्यावे लागेल. या वयात जो डोळा पाहत नाही, त्याच्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो, त्यामुळे काच स्वच्छ झाल्यावरही डाव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून उजव्याला कामाला लावावे लागेल. मूल ती पट्टी ओढून काढते, रडते, शाळेत लावायला लाजते. बहिणीला हे आत्ताच सांगून ठेवा, आणि पट्टीचे तास किती व केव्हापासून, हे शस्त्रक्रियेच्या तारखेसोबतच डॉक्टरांकडून लिहून घ्या.