जुन्या ब्रिटिश ट्रकांच्या नादी लागण्याआधी

सगळ्याच गाड्यांचे फोटो एकदम गोळा करत सुटू नकोस, गोंधळशील. एक धागा धर. मी तर इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातल्या सँडबॅच गावापासून सुरुवात कर म्हणेन. फोडेन आणि ईआरएफ, ट्रक बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या तिथल्याच. घरची फोडेन कंपनी वाफेच्या गाड्यांना चिकटून राहिली, तेव्हा एडविन रिचर्ड फोडेन डिझेलचा हट्ट धरून बाहेर पडले आणि १९३३ साली ईआरएफ उभी राहिली. नावात त्यांचीच आद्याक्षरं. (भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते थोडीच!)

दुसरं, केबिनवर भाळू नकोस, आत इंजिन कुठलं ते विचार. गार्डनर कंपनीचं ६एलएक्स डिझेल इंजिन असेल तर १०.४५ लिटर आणि ताकद जेमतेम १५० अश्वशक्ती. चढावर रखडायचं, पण डिझेल बेताने प्यायचं, म्हणून मालक खूश.

फोटोचा काळ ठरवायला दारावरचं नाव वाच. ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’ (तिथली सरकारी मालवाहतूक सेवा) दिसलं की तो १९४८च्या आधीचा नाही, कारण मालवाहतुकीचं राष्ट्रीयीकरण तेव्हाचं.

आणि आपल्या घाटांत घुरघुरलेली अशोक लेलँडची कॉमेट आठवते ना? तिचं मूळ लँकेशायरच्या लेलँड गावात. तिथलं ट्रकांचं संग्रहालय मात्र चुकवू नकोस.