स्वरतंतूतील इंजेक्शन : भीती कितपत खरी?

प्रश्न : थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईचा डावा स्वरतंतू हलेनासा झाला आहे. तिचा आवाज फुसफुसता येतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. डॉक्टरांनी स्वरतंतूत इंजेक्शन सुचवले आहे. पण त्याने श्वास कोंडेल किंवा आहे तो आवाजही जाईल, अशी धास्ती तिने घेतली आहे.

उत्तर : आपल्या आईंची भीती अगदीच निराधार नाही, मात्र गंभीर गुंतागुंत क्वचितच होते. बोलताना दोन्ही स्वरतंतू एकमेकांना भिडावे लागतात. एक लुळा पडला की मध्ये फट राहते आणि तिच्यातून हवा निसटते. इंजेक्शनने तो तंतू फुगवून मध्याकडे आणला जातो. त्यासाठी लागणारे द्रव्य बहुधा एक मिलिलिटरच्या आतच असते, परंतु ते कोठे पडते यावर बरेच अवलंबून असते. स्वरतंतूचा वरचा थर मऊ असतो आणि बोलताना त्यावर लाटा उठतात. द्रव्य खोल स्नायूत न जाता या थरात साचले, तर तंतू ताठरतो आणि आवाज पूर्वीपेक्षाही घोगरा होतो. म्हणूनच हे काम सरावलेल्या हातांनी, दुर्बिणीतून पाहत व्हावे.

द्रव्याची निवडही तितकीच महत्त्वाची. 1960च्या दशकापासून वापरात आलेल्या टेफ्लॉनमुळे काही रुग्णांच्या स्वरयंत्रात वर्षांनंतरही गाठी झाल्या आणि त्या काढणे जिकिरीचे ठरले. त्यामुळे ते मागे पडले. हायलुरॉनिक आम्ल हे जेलसारखे द्रव्य काही महिन्यांत विरघळते. शस्त्रक्रियेत स्वरतंतू हलवणारी चेता (नस) दुखावली असली, पण तुटलेली नसली, तर ती वर्षभरात सावरू शकते. अशा वेळी आधी विरघळणारेच द्रव्य वापरावे, असे माझे मत आहे.

श्वासाबाबत सांगायचे, तर सूज सहसा पहिल्या एक-दोन दिवसांत येते, पण हायलुरॉनिक आम्लाची प्रतिक्रिया क्वचित काही दिवसांनीही उमटते. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सुरुवातीला आवाज दाबल्यासारखा येतो, कारण पुढे विरघळणारा अंश धरून द्रव्य मुद्दाम थोडे जास्त भरले जाते. त्याने घाबरू नये. घसा बधिर केलेला असल्याने, बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत आईंना पाण्याचा घोटही देऊ नये. त्यांना आधीच ठसका लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, पण ती परस्पर बंद करू नये.