गाडी आपोआप चालत असेल, तर जबाबदार कोण?

प्रश्न : मुलाच्या नव्या मोटारीत लेन सांभाळणारी, पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी आणि वेळप्रसंगी स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. भुसावळहून धुळ्याला जाताना तो स्टिअरिंगवरचे हात काढून बसतो. आमच्याकडे रात्री केळीने भरलेल्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. गाडी आदळली, तर दोष कोणाचा? — एक केळी उत्पादक, फैजपूर

उत्तर : स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे सहा स्तर मानले जातात. आपल्या वर्णनावरून ही गाडी दुसऱ्या स्तरावरची दिसते, म्हणजे यंत्रणा मदतनीस आहे आणि रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम माणसाचेच आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा परवानाधारक माणूस गृहीत धरूनच लिहिलेला असल्यामुळे 'गाडीच चालवत होती' हा बचाव आपल्या मुलाच्या कामी येणार नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्याचे सिद्ध झाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ट्रॉली धोकादायक रीतीने उभी करणे हाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ चा भंग आहे. त्यामुळे नुकसानभरपाई ठरवताना मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोघांच्या निष्काळजीपणाची वाटणी करू शकते.

ट्रॉलीबद्दलची आपली भीती रास्त आहे. अशा अनेक यंत्रणा महामार्गाच्या वेगात उभे वाहन वेळेत ओळखू शकत नाहीत, हे गाडीच्या पुस्तिकेतच लिहिलेले असते. फक्त ते पान कोणी उघडत नाही. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेम्पे शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. धडकेच्या सुमारे ५.६ सेकंद आधी यंत्रणेला ती दिसली होती; पण यंत्रणा तिची नोंद कधी वाहन, कधी सायकल, तर कधी 'इतर काही' अशी बदलत राहिली. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. गाडीत देखरेखीला बसलेल्या चालक महिलेने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, मिळाली. न्यायाचे हे वाटप मला तरी तोकडे वाटते. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्याने मात्र मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना वाहन चालवण्यातील चुकीसाठी आत बसलेल्यावर खटला भरता येणार नाही, अशी तरतूद केली आहे.

आपल्याकडे यंत्रणेत खरोखर दोष असेल किंवा धोक्याची सूचनाच नीट दिली नसेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उत्पादकाकडे भरपाई मागता येते. त्यासाठी गाडीतील नोंदी लागतात, म्हणून अपघातानंतर पंचनामा होण्यापूर्वी गाडी दुरुस्तीला देऊ नये आणि नोंदी जपून ठेवण्याची मागणी कंपनीकडे लेखी करावी.

प्रश्न : स्वतःच्या शेतात चालकाविना ट्रॅक्टर चालवला, तर परवाना लागेल का? — एक वाचक, शहादा

उत्तर : परवान्याची आणि तृतीय पक्ष विम्याची सक्ती सार्वजनिक जागेपुरती आहे. परंतु लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट कायद्याने सार्वजनिक जागाच ठरते. त्यामुळे एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना ट्रॅक्टर शिवरस्त्यावर आला, की सीटवर परवानाधारक माणूस हवाच. आणि आपल्या बांधाच्या आत एखादा मजूर जखमी झाला, तर परवाना लागत नव्हता एवढ्यावरून आपली जबाबदारी टळणार नाही.