विजय कमी, तरी क्रमांक वर?

प्रश्न : उत्तर अमेरिकेतल्या ईसीएचएल या दुय्यम व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये ३८ सामने जिंकलेला संघ ४० जिंकणाऱ्याच्या वर कसा जाऊ शकतो?

उत्तर : हंगाम ७२ सामन्यांचा. विजयाला २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात तरी १, आणि ६० मिनिटांतच हरलात तर शून्य. ४० विजय, २८ साधे पराभव, ४ जादा वेळेतले : ८४ गुण. ३८, २४ आणि १० : ८६.

मात्र नुसत्या तक्त्यावर भरवसा ठेवू नका. एएचएल या वरच्या लीगमध्ये गोलरक्षक जखमी झाला की इथला भरातला गोलरक्षक वर बोलावला जातो आणि चांगला चाललेला संघ घसरतो. प्लेऑफमध्ये तर शूटआउटच नाही; २०-२० मिनिटांची जादा सत्रं, पहिला गोल होईपर्यंत.